वाचकांचे प्रश्न : जुन्या संगणकावरचे व्हर्च्युअल मशीन आणि अडखळणारा स्क्रीन रीडर

या वेळचे सगळे प्रश्न एकाच अडचणीभोवतीचे आहेत. जुन्या संगणकात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने तयार केलेला आतला संगणक, चालवले, त्यात स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) किंवा मॅग्निफायर (पडदा मोठा करून दाखवणारा) सुरू केला, आणि काम मुंगीच्या पावलाने होऊ लागले. खऱ्या संगणकाला होस्ट आणि त्याच्या आत चालणाऱ्या संगणकाला गेस्ट म्हणतात. पुढे हेच शब्द वापरले आहेत. ऐकून वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी कमांड उच्चारल्या जातात तशा लिहिल्या आहेत.

प्रश्न : लॅपटॉपमध्ये २ कोअर आणि ४ थ्रेडचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क आहे. होस्ट विंडोज १०. व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये दुसरे विंडोज १० बसवून त्यात एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो. बाणाची कळ दाबल्यावर सेकंदभराने आवाज येतो, तोही तुटक. गेस्टची रॅम ६ जीबी केली, प्रोसेसर २ चे ४ केले, तर अडखळणे उलट वाढले. असे कसे?

उत्तर : गेस्टला जास्त दिले म्हणूनच ते वाढले. तुम्ही कळ दाबता ती आधी होस्टला मिळते, मग व्हर्च्युअलबॉक्समधून गेस्टला. गेस्टमधला प्रोग्राम हलतो, एनव्हीडीए त्याला काय बदलले ते विचारतो, उत्तराचा आवाज तयार करतो. तो आवाज गेस्टच्या नकली साउंड कार्डातून व्हर्च्युअलबॉक्सकडे आणि तिथून होस्टच्या खऱ्या साउंड कार्डाकडे जातो. पहिला आणि शेवटचा टप्पा होस्टच्या हातात आहे. होस्टची दमछाक झाली की गेस्ट कितीही मोकळा असला तरी बोलणे उशिराच ऐकू येणार. डोळ्यांनी काम करणाऱ्याचे पाव सेकंदाच्या उशिराने फारसे अडत नाही. स्क्रीन रीडरवर मात्र प्रत्येक कळीमागे तो उशीर लागतो आणि बोटे आवाजाच्या पुढे धावू लागतात.

आधी रॅमचा हिशोब. विंडोज १०, स्क्रीन रीडर आणि किरकोळ गोष्टी मिळून होस्टला अडीच ते तीन जीबी लागतात. ८ मधून ६ गेस्टला गेल्यावर उरतात २. मग विंडोज कमी पडणारी रॅम पेज फाइलमध्ये, म्हणजे हार्ड डिस्कवर ढकलते. मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या डिस्कची एक फेरी ११ मिलिसेकंदांची असते. हवी ती जागा डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते, वर डोके सरकायला दहा-बारा मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेली वाचने सेकंदाला साठच्या आसपास. एक मेनू उघडताना अशी शंभर वाचने सहज लागू शकतात. तुमचा सेकंदभर तिथेच जातो.

गेस्ट पूर्ण बंद करून, म्हणजे सेव्ह केलेल्या स्थितीत न ठेवता, पुढचे बदल करा. रॅम ३०७२ एमबी. आत ब्राउझर लागतच असेल तर ४०९६, पण मग होस्टवरचा ब्राउझर बंद ठेवायचा. प्रोसेसर २, त्याहून एकही जास्त नाही. चारही थ्रेड गेस्टला दिले की होस्टचा आवाज, कीबोर्ड आणि स्वतः व्हर्च्युअलबॉक्स यांना त्यांच्याशीच झगडावे लागते, आणि तेवढ्या वेळात गेस्टचा एक प्रोसेसर दुसऱ्याची वाट पाहत फुकट फिरत राहतो. एक्झिक्युशन कॅप नावाचा आकडा १०० टक्क्यांवरच हवा. होस्टला श्वास मिळावा म्हणून तो कमी करावासा वाटतो. पण त्याने गेस्ट ठरावीक वेळाने थांबवला जातो आणि आवाज हमखास तुटतो.

हे खिडक्यांमधून करणे जिकिरीचे वाटले तर व्हीबॉक्समॅनेज ही कमांड वापरा. तिचा सगळा मजकूर नीट वाचला जातो. व्हर्च्युअलबॉक्सच्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. "व्हीबॉक्समॅनेज लिस्ट व्हीएम्स" म्हटले की मशीनची नावे कळतात. मग "व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायव्हीएम", अवतरण चिन्हांत मशीनचे नाव, "डॅश डॅश मेमरी ३०७२ डॅश डॅश सीपीयूज २".

एवढ्याने फरक पडला नाही तर होस्टमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये तीन आकडे ऐका. डिस्कचा अॅक्टिव्ह टाइम १०० टक्के आणि रिस्पॉन्स टाइम शेकडो मिलिसेकंद असेल, तर डिस्क अडवते आहे. मेमरीत अव्हेलेबल ५०० एमबीच्याही खाली असेल, तर रॅम. प्रोसेसरचा स्पीड त्याच्या बेस स्पीडपेक्षा बराच खाली, उदाहरणार्थ २.४ ऐवजी ०.८ गिगाहर्ट्झवर, काम चालू असतानाही अडकला असेल, तर गेस्टला दोष देऊ नका. पंखा धुळीने भरला आहे, थर्मल पेस्ट सुकली आहे, पॉवर प्लॅन बचतीचा आहे, किंवा चार्जर कमी वॅटचा आहे. काही लॅपटॉप अनोळखी चार्जरवर मुद्दाम वेग उतरवतात.

गेस्टच्या आत पारदर्शकता आणि ॲनिमेशन बंद करा. वनड्राइव्ह आणि आपोआप सुरू होणारे प्रोग्राम काढा. आवाजासाठी विंडोजच्या वनकोअर ऐवजी ईस्पीक एनजी हा सिंथेसायझर, म्हणजे मजकुराचा आवाज करणारा प्रोग्राम, घ्या. एनव्हीडीए की (बहुधा इन्सर्ट), कंट्रोल आणि एस दाबले की निवड येते. त्याचा आवाज कानाला रुक्ष वाटतो, पण जुन्या प्रोसेसरवर इतक्या झटपट बोलू लागणारे दुसरे क्वचितच सापडेल. ब्लूटूथ हेडफोन काढून तारेचा लावा. ब्लूटूथ एकटेच दीड-दोनशे मिलिसेकंदांची भर घालू शकते, आणि ही भर कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

गेस्ट महिन्यातून एकदाच उघडत असाल तर आणखी एक गोष्ट. उघडल्याबरोबर विंडोज अपडेट, डिफेंडर या अँटीव्हायरसची तपासणी आणि सर्च इंडेक्सिंग एकदम डिस्कवर तुटून पडतात. अशा वेळी सेटिंग्ज बदलत बसण्याने काही साधत नाही. आठवड्यातून एकदा गेस्ट तासभर नुसता चालू ठेवा, म्हणजे ही कामे आपोआप उरकतात. होस्टच्या डिफेंडरला मशीनचे फोल्डर वगळायला सांगा. गेस्टच्या आतला डिफेंडर मात्र चालूच राहू द्या. स्नॅपशॉटची, म्हणजे मशीनच्या जपून ठेवलेल्या जुन्या स्थितींची, लांब साखळी असेल तर जुने स्नॅपशॉट काढा, कारण प्रत्येक वाचनाला ती साखळी तपासावी लागते. काढताना फाइल्स एकत्र होतात. त्याला वेळ आणि मोकळी जागा लागते. मध्येच थांबवू नका.

प्रश्न : रॅम पुरेशी आहे, एसएसडीही आहे, तरी गेस्ट असह्य मंद. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली हिरवे कासव दिसते, असे एकाने सांगितले. मला दिसत नाही, तर ते आहे की नाही हे कसे ओळखू? आणि त्याचे करायचे काय?

उत्तर : कासवाचा अर्थ असा की प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय व्हर्च्युअलबॉक्सला थेट मिळत नाही. ती आधीच विंडोजच्या स्वतःच्या हायपरव्हायजरने, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या थराने, घेतली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्यामार्फत काम करतो. जुन्या प्रोसेसरवर हा वळसा फार महागात पडतो.

चित्र न पाहता ओळखायचे दोन मार्ग आहेत. कमांड प्रॉम्प्टमध्ये "सिस्टमइन्फो" चालवा आणि शेवटचा भाग ऐका. "अ हायपरव्हायजर हॅज बीन डिटेक्टेड" असे आले तर विंडोजचा हायपरव्हायजर चालू आहे. ते न येता "व्हर्च्युअलायझेशन इनेबल्ड इन फर्मवेअर" या ओळीपुढे "नो" आले तर बायोसमध्येच, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, सोय बंद आहे. याच यादीत "सेकंड लेव्हल ॲड्रेस ट्रान्सलेशन" हीही ओळ असते, तिचा उपयोग पुढच्या एका उत्तरात येईल. दुसरा मार्ग मशीनच्या फोल्डरातल्या लॉग्ज फोल्डरचा. तिथली व्हीबॉक्स डॉट लॉग ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि "फॉल बॅक टू एनईएम" हे शब्द शोधा. सापडले तर कासव आहे.

हायपरव्हायजर चालू असण्याची कारणे बहुधा ही असतात : हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय), डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय), विंडोज सँडबॉक्स, किंवा विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटीखाली कोअर आयसोलेशनमधले मेमरी इंटिग्रिटी. आधी डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवा. बूटचे सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकते, आणि तो निळा पडदा बोलत नाही. मग मेमरी इंटिग्रिटी बंद करा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये "बीसीडीएडिट", जागा, "स्लॅश सेट", जागा, "हायपरव्हायजरलाँचटाइप", जागा, "ऑफ" लिहा आणि संगणक रीस्टार्ट करा. लॉगमध्ये ते शब्द आता नसायला हवेत. पूर्ववत करायला "ऑफ" च्या जागी "ऑटो". ऑफ असताना डब्ल्यूएसएल २ आणि सँडबॉक्स चालणार नाहीत, आणि मेमरी इंटिग्रिटीमुळे मिळणारे विंडोजच्या कर्नेलचे संरक्षणही जाते. म्हणून गेस्ट रोजच्या कामाचा असेल तरच हे करावे.

मग हायपर-व्हीच का वापरू नये, असेही दोघांनी विचारले आहे. वेगाच्या दृष्टीने ते चांगले आहे. पण त्याच्या गेस्टला साउंड कार्डच नसते. आवाज मिळतो तो एन्हान्स्ड सेशनमधून, आणि त्यासाठी आतले विंडोज प्रो, एंटरप्राइज किंवा एज्युकेशन असावे लागते. विंडोज बसवताना हे सेशन नसते, म्हणजे विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर नॅरेटरही ऐकू येत नाही. जो फक्त ऐकून काम करतो त्याला हे परवडणारे नाही.

बायोसमध्येच सोय बंद असेल तर अडचण वेगळी, कारण बायोस कुठलाच स्क्रीन रीडर वाचत नाही. डेलच्या व्यवसायासाठीच्या संगणकांना डेल कमांड कॉन्फिगर, तशाच एचपींना एचपी बायोस कॉन्फिगरेशन युटिलिटी ही साधने आहेत. लेनोवोच्या थिंकपॅडमध्ये बायोसची सेटिंग्ज पॉवरशेलमधून बदलता येतात. ही सगळी विंडोजमध्ये, बोलणाऱ्या पडद्यावर चालतात. तुमचा संगणक यांत बसत नसेल तर पाहणाऱ्या माणसाची दहा मिनिटे मागा. त्याला इंटेलवर "इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी" किंवा "व्हीटी-एक्स" आणि एएमडीवर "एसव्हीएम मोड" शोधायला सांगा. बदल जतन केल्यावर संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. काही संगणक नुसत्या रीस्टार्टने तो मानत नाहीत.

प्रश्न : होस्ट आणि गेस्ट दोन्हीकडे एनव्हीडीए आहे. इन्सर्टने दिलेली आज्ञा कधी बाहेरचा घेतो, कधी आतला. आणि बोलणे थांबवायला कंट्रोल दाबले की कधीकधी गेस्टमधून बाहेरच पडायला होते.

उत्तर : दुसऱ्या तक्रारीचे कारण उजवे कंट्रोल. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तीच होस्ट की असते आणि ती दाबली की कीबोर्ड गेस्टकडून सुटतो. बोलणे थांबवायला डावे कंट्रोल वापरा, किंवा प्रेफरन्सेसमधल्या इनपुट भागात होस्ट की बदला.

पहिलीसाठी बाहेरच्या एनव्हीडीएला त्या खिडकीपुरते झोपवायचे. गेस्टच्या खिडकीत असताना एकदा होस्ट की दाबून कीबोर्ड सोडवा, मग एनव्हीडीए, शिफ्ट आणि एस. लॅपटॉप मांडणीत एनव्हीडीए, शिफ्ट आणि झेड. यानंतर त्या खिडकीत फक्त आतला बोलतो, बाकी सगळीकडे बाहेरचा. गेस्टची खिडकी नव्याने उघडली की हे पुन्हा करावे लागते. त्या खिडकीचे वरचे मेनूही गप्प होतात, हे मात्र ध्यानात असू द्या. दोन्हीकडे कॅप्स लॉकला एनव्हीडीए की करू नका. एकीकडे कॅप्स चालू आणि दुसरीकडे बंद असा घोळ होतो आणि पासवर्ड चुकत राहतात.

प्रश्न : पहिल्या प्रश्नकर्त्यासारखाच संगणक. सगळे उपाय केले. मेनू आता लगेच उघडतात, पण आवाज अजूनही मधूनच तुटतो. यावर खात्रीचा उपाय आहे का?

उत्तर : आहे, आणि जुन्या संगणकांसाठी तो आम्हाला सगळ्यांत चांगला वाटतो : गेस्टमधून आवाज आणूच नका, मजकूर आणा. आवाजाचे तुकडे ठरलेल्या क्षणी पोचावे लागतात. वीस मिलिसेकंद चुकले की कानाला खटकते. मजकूर वीस मिलिसेकंद उशिरा आला तर काही बिघडत नाही, कारण तो होस्टचाच एनव्हीडीए, होस्टच्याच साउंड कार्डावर, अखंड बोलून दाखवतो.

एनव्हीडीए २०२५.१ पासून रिमोट ॲक्सेस, म्हणजे एका संगणकावरून दुसरा चालवून त्याचे बोलणे इथे ऐकण्याची सोय, त्याच्यातच आले आहे. त्याआधी ते वेगळे ॲड-ऑन होते. दोन्हीकडे २०२५.१ किंवा नंतरची आवृत्ती हवी. गेस्टमध्ये ती पोर्टेबल नको, रीतसर बसवलेली हवी. नाहीतर परवानगी विचारणारे पडदे वाचले जात नाहीत. टूल्समध्ये रिमोट मेनू सापडला नाही तर एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्ये ही सुविधा चालू आहे ना ते पाहा.

होस्टवर टूल्स, रिमोट, कनेक्ट. दुसरा संगणक नियंत्रित करायचा, सर्व्हर इथेच चालवायचा, पोर्ट ६८३७ तसाच, आणि एक लांबशी की तुमच्या मनाची. गेस्टवरही कनेक्ट, पण तिथे या संगणकाचे नियंत्रण होऊ द्यायचे आणि आधीपासूनचा सर्व्हर वापरायचा, हे पर्याय. सर्व्हरचा पत्ता १०.०.२.२, की तीच. व्हर्च्युअलबॉक्सच्या नेहमीच्या नॅट नेटवर्कमध्ये गेस्टला होस्ट याच पत्त्यावर भेटतो. पहिल्या वेळी प्रमाणपत्राची सूचना येते. सर्व्हर तुमचाच असल्याने ती स्वीकारा. मजकूर संगणकाबाहेर जात नाही आणि इंटरनेटचीही गरज नाही.

जोडणी झाली नाही तर बहुधा कारण एकच असते. व्हर्च्युअलबॉक्स ७ मध्ये गेस्टला होस्टच्या आतल्या पत्त्यापर्यंत जाऊ देणारे सेटिंग बंद असू शकते. गेस्ट बंद करून "व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायव्हीएम", नाव, "डॅश डॅश नॅट डॅश लोकलहोस्टरीचेबल१", जागा, "ऑन". लोकलहोस्टरीचेबल हा सलग शब्द आहे आणि १ त्याला चिकटून येतो.

जोडणी झाली की एनव्हीडीए, ऑल्ट, टॅब दाबून कीबोर्ड गेस्टकडे द्या आणि तसेच परत घ्या. गेस्टच्या डिव्हायसेस मेनूतून ऑडिओ आउटपुट बंद करा, नाहीतर दोन आवाज ऐकू येतील. गेस्टमधला सिंथेसायझर मात्र ईस्पीक तसाच राहू द्या. त्याच्या बोलण्याच्या गतीवर सलग वाचन पुढे सरकते. तो काढून टाकला तर अख्खे पान एकदम ओतले जाण्याची भीती असते. आउटपुट परत चालू केले की जुनी सोय हाताशी आहेच, आणि जोडणी तुटल्यावर तिचीच गरज पडते.

याचा आणखी एक फायदा. कळा आता रिमोटमधून जातात, त्यामुळे गेस्टची खिडकी उघडी असण्याचीही गरज उरत नाही. "व्हीबॉक्समॅनेज स्टार्टव्हीएम", नाव, "डॅश डॅश टाइप हेडलेस" असे सुरू केले की खिडकी रंगवण्याचे कामही वाचते. त्यासाठी गेस्टमधले एनव्हीडीए साइन-इनच्या पडद्यावर सुरू होऊन आपोआप जोडले जाईल अशी सेटिंग्ज आधी करा आणि दोन-तीनदा खिडकी उघडी ठेवून तपासा. इथे घाई केली तर गेस्ट चालू असूनही हाती लागत नाही.

प्रश्न : गेस्टमध्ये ग्नोम डेस्कटॉपचे लिनक्स आणि ऑर्का हा स्क्रीन रीडर. २ जीबी रॅम, २ प्रोसेसर. काहीही न करता प्रोसेसर साठ-सत्तर टक्क्यांवर. ऑर्का शब्द गिळतो.

उत्तर : ग्नोम पडदा रंगवण्यासाठी ग्राफिक्स कार्डावर भिस्त ठेवतो. गेस्टमध्ये ते नसते, म्हणून एलएलव्हीएमपाइप नावाचे सॉफ्टवेअर ते काम प्रोसेसरकडून करून घेते. टर्मिनलमध्ये "जीएलएक्सइन्फो डॅश मोठा बी" म्हटल्यावर रेंडररपुढे हे नाव आले तर रोग हाच. तुम्हाला न दिसणारी चित्रे काढण्यात तुमचा प्रोसेसर खपतो आहे. माते डेस्कटॉप बसवा आणि लॉगिनच्या वेळी तो निवडा. ऑर्का त्यात चांगला चालतो आणि पडदा रंगवण्याचा बोजा बराच उतरतो.

शब्द गिळले जाणे हा आवाजाच्या बफरचा प्रश्न. आवाजाची व्यवस्था पल्सऑडिओची असेल तर ईटीसीमधल्या पल्स फोल्डरात डीफॉल्ट डॉट पीए ही फाइल उघडा. मोड्यूल-यूदेव-डिटेक्ट असलेल्या ओळीच्या शेवटी जागा सोडून "टीस्केड बरोबर शून्य" जोडा. व्हर्च्युअल मशीनमध्ये घड्याळ अचूक चालत नाही आणि या बदलाने पल्सऑडिओ त्या घड्याळावर विसंबणे सोडतो. पाइपवायरची असेल तर त्याच्या वायरप्लंबर या व्यवस्थापकात पिरियड-साइझ १०२४ ठेवून हेडरूम, म्हणजे राखीव बफर, वाढवावी लागते. ८१९२ हा आकडा पुष्कळदा सुचवला जातो, पण ४८,००० नमुन्यांच्या दराने तो १७० मिलिसेकंदांचा उशीर आहे. गाण्यांना चालेल, स्क्रीन रीडरला नाही. २०४८ पासून सुरुवात करा आणि तुटणे थांबेल तिथे थांबा.

आणि लिनक्स फक्त कमांड शिकायला किंवा प्रोग्रामिंगला हवे असेल, तर डेस्कटॉपच नको. गेस्टमध्ये एसएसएच सर्व्हर, म्हणजे बाहेरून मजकुरातून काम करू देणारा प्रोग्राम, बसवा. नेटवर्कच्या पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये होस्टचा पत्ता १२७.०.०.१, होस्ट पोर्ट २२२२, गेस्ट पोर्ट २२ भरा. गेस्ट हेडलेस सुरू करा आणि होस्टच्या कमांड प्रॉम्प्टमधून जोडा. सगळा मजकूर होस्टच्या स्क्रीन रीडरकडे येतो, ऑर्काची गरजच पडत नाही, आणि गेस्टला १ जीबी पुष्कळ होते.

प्रश्न : दृष्टी कमी आहे, मॅग्निफायरशिवाय चालत नाही. गेस्टमध्ये मॅग्निफायर लावला की माऊस हलवताना पडदा मागून फरफटत येतो.

उत्तर : मॅग्निफायर पडदा सतत नव्याने रंगवतो आणि गेस्टमध्ये तेच काम सगळ्यांत महाग असते. म्हणून मोठे करण्याचे काम होस्टच्या खऱ्या ग्राफिक्सकडे सोपवा. गेस्टच्या आत व्हर्च्युअलबॉक्सचे साहाय्यक ड्रायव्हर, म्हणजे गेस्ट ॲडिशन्स, बसवा, गेस्टचे रिझोल्यूशन १२८० गुणिले ७२० करा, आणि व्ह्यू मेनूतल्या व्हर्च्युअल स्क्रीनमधून स्केल १५० किंवा २०० टक्के निवडा. याहून कमी रिझोल्यूशन नको. ऑफिसचे रिबन आकसते आणि अनेक वेबपाने मोबाइलसारखी मांडणी घेतात. त्यावर गेस्टच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमधून मजकुराचा आकार वाढवा, तो २२५ टक्क्यांपर्यंत जातो. हाय काँट्रास्टही लावून पाहा.

एवढे पुरले नाही तर होस्टचा मॅग्निफायर लावा. गेस्टने कीबोर्ड धरलेला असताना विंडोज की आत जाते, म्हणून आधी होस्ट की दाबून मग विंडोज आणि अधिक. याची एक मर्यादा मोठी आहे. बाहेरचा मॅग्निफायर माऊसच्या मागे जातो, पण गेस्टमध्ये टाइप करताना कर्सर कुठे आहे हे त्याला कळत नाही. वाचनाला तो उत्तम. लिखाण जास्त असेल तर गेस्टमधलाच, पण डॉक्ड प्रकारचा वापरा. त्यात पडद्याची एकच पट्टी मोठी होते, त्यामुळे रंगवण्याचे काम कमी असते.

प्रश्न : रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क, संगणक बारा वर्षांचा. एकच गोष्ट बदलायची ऐपत आहे. रॅम की एसएसडी?

उत्तर : ४ जीबीवर विंडोजचे गेस्ट चालवायचेच असेल तर रॅम. एसएसडी असली तरी ४ जीबीत दोन विंडोज बसत नाहीत, आणि पेज फाइल वेगवान झाली म्हणून ती रॅमची बरोबरी करत नाही. ८ जीबी असलेल्याला आम्ही याच्या उलट सांगू : आधी एसएसडी. डिस्कच्या जुन्या ३ गिगाबिटच्या साटा जोडणीवरही ती लावावी, कारण तुम्हाला हवी आहेत ती विखुरलेली छोटी वाचने, आणि ती हार्ड डिस्कपेक्षा शेकडो पटींनी जास्त होतात. बाहेरून यूएसबी २.० ला जोडलेली एसएसडी मात्र सेकंदाला चाळीस एमबीच्या आतच अडकते.

रॅम घेण्याआधी टास्क मॅनेजरच्या मेमरी भागात किती स्लॉट वापरात आहेत ते ऐका. जुन्या संगणकांतल्या डीडीआर३ रॅमचे दोन प्रकार आहेत, १.५ व्होल्ट आणि १.३५ व्होल्ट, दुसऱ्याच्या नावात शेवटी एल असतो. काही लॅपटॉप एल असलेलीच घेतात, त्यामुळे आत आहे तीच घ्या.

पण खर्चाआधी सिस्टमइन्फोतली "सेकंड लेव्हल ॲड्रेस ट्रान्सलेशन" ही ओळ पाहा. हायपरव्हायजर चालू असेल तर ती दिसत नाही. तो आधी बंद करावा लागेल. तिच्यापुढे "नो" असेल, उदाहरणार्थ कोअर २ ड्युओमध्ये, तर गेस्टच्या रॅमचा प्रत्येक हिशोब सॉफ्टवेअरला करावा लागतो आणि कुठलीच खरेदी तो वेग परत आणणार नाही. अशा संगणकावर, किंवा ४ जीबीवर काहीच बदलता येत नसेल तर, लिनक्ससाठी डब्ल्यूएसएल १ वापरा. ते व्हर्च्युअल मशीन नाहीच. लिनक्सच्या आज्ञा विंडोजला समजतील अशा करून चालवते, आणि त्याचा सगळा मजकूर होस्टचा स्क्रीन रीडर वाचतो. विंडोजचा दुसरा प्रोग्राम हवा असेल तर दुसऱ्या संगणकाला रिमोट ॲक्सेसने जोडून घेणे बरे.

प्रश्न : ब्रेल डिस्प्ले गेस्टला यूएसबीने दिला की होस्टवर बंद पडतो. दोन्हीकडे कसा चालेल?

उत्तर : यूएसबीचे उपकरण गेस्टला दिले की होस्टच्या हातून ते पूर्ण जाते, दोघांत वाटून घेता येत नाही. डिस्प्ले होस्टलाच जोडलेला ठेवा आणि वर सांगितलेले रिमोट ॲक्सेस वापरा. एनव्हीडीए, ऑल्ट, टॅबने गेस्टकडे गेलात की त्याचा मजकूर त्याच डिस्प्लेवर उमटतो, परत आलात की होस्टचा. यूएसबीनेच द्यायचा असेल तर गेस्ट बंद करताना आधी डिव्हायसेस मेनूतून डिस्प्ले सोडवा. सेव्ह स्टेट करून बाहेर पडलात आणि पुढच्या वेळी तो जोडलेला नसेल तर गेस्टमधले एनव्हीडीए त्याला शोधत राहते. अशा वेळी त्याच्या ब्रेल सेटिंगमध्ये "नो ब्रेल" निवडून डिस्प्ले जोडल्यावर पुन्हा निवडा.